रिकाम्या वाफ्यातलं पाणी

एक

अर्जुना पाटकऱ्याचं प्रेत सुभेदार लालासाहेबांना दिसलं ते वाटणीच्या दगडाला अडकलेलं. घोटाभर पाणी, आणि त्यात हा गडी पालथा पडलेला. डोक्याच्या मागच्या बाजूला खोक पडली होती आणि काळा डाग पडलेलं धोतर दगडाला गुंडाळलं गेलं होतं.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. डोंगरातून उतरणारी दुधाणी नदी तशी बारकीच, पण एरवी बारमाही. त्या साली मात्र ती हिवरतळ गावापर्यंत येतायेताच दमत होती. पूर्वजांनी तिला दगडाचा बंधारा घातलेला, बंधाऱ्यातून गावात पाट आणलेला, आणि पाट जिथं दोन वाटांनी फुटतो तिथं हा वाटणीचा दगड. कुणाची पाळी कधी, कुणाच्या रानाचं मातीचं दार कधी मोडून पाणी घ्यायचं आणि कधी लिंपायचं, हे सगळं पाटकरी सांगणार आणि अख्खं गाव ऐकणार. गेली कित्येक वर्षं तो पाटकरी म्हणजे अर्जुना. काटकुळा, तोंडानं फटकळ, पण पाण्याच्या बाबतीत सख्ख्या भावाला सवलत देणार नाही असला माणूस.

दगडाच्या उशाला शेंदूर लावलेल्या सात आसरा. पाण्याच्या देवता त्या. अलीकडं एक लिंब आहे, त्या लिंबापासून पुढं पायात काही घालून जायचं नाही. मामलेदार आले तरी त्यांना तिथं बूट काढावे लागले होते. लालासाहेबांनीही आपल्या वहाणा लिंबाखाली काढल्या होत्या आणि म्हणूनच त्यांना ते चटकन दिसलं.

अर्जुनाच्या पायात वहाणा होत्या.

जन्मभर आसरांची सेवा केलेला माणूस, आणि गावानं त्याला असा बघितला तर काय म्हणेल? वहाणा घालून चढला आणि आसरांनी धरला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत सुटतील. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी भराभर त्या वहाणा काढल्या, खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून काखेत मारल्या, आणि मग गावाच्या दिशेनं जीव तोडून हाक दिली.

माणसं धावत आली. बायकांनी गळे काढले. आणि तेवढ्यात धोंडुबाई ओरडली, "आवं, पानी बगा की कुठं चाललंय! मनुबाईच्या रानात!"

दोन

आता पाळी होती भाऊसोची. पाणी भाऊसोच्या रानात जायचं ते मनुबाईच्या रानात शिरलं होतं. तिचं दार मोडलेलं, पुढचा पाट चिखलानं अडवलेला. एवढं बघितल्यावर गावाला आणखी काय पाहिजे? पाणी चोरताना अर्जुनानं धरलं आणि बाईनं मागून खोरं घातलं, असं एकानं म्हटलं आणि पन्नास जणांनी माना डोलावल्या.

मनुबाई एकटी बाई. नवरा लालासाहेबांच्याच पलटणीतला, एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याची ट्रंक लालासाहेबांनीच तिच्या दारात आणून उतरवली होती, आणि त्या ट्रंकेवर हात ठेवून, तुझ्या बायकोला अंतर देणार नाही, असा शब्द मनातल्या मनात त्याला दिला होता. त्या दिवशी ती रडली नव्हती आणि आज तिला दंडाला धरून चावडीच्या खोलीत ढकलली तेव्हाही रडली नाही. फक्त म्हणाली, "अंगाला हात लावू नगा, मी जाते माजी मी."

खोलीला कुलूप लागलं. पाणी-पंचांचे म्होरके म्हणून किल्ली लालासाहेबांच्या हातात आली. पोलीस पाटलानं तालुक्याला माणूस पाठवला होता. फौजदार दुपारपर्यंत येतील आणि तिला घेऊन जातील. खुनाचं ते बघतील, पण पाण्याचा निकाल गावाचा. चोरी शाबीत झाली की पाळी कायमची मोडायची, आणि पाळीशिवाय ते रान म्हणजे नुसता खडक.

"मी जरा रान बघून येतो," लालासाहेब म्हणाले.

"त्यात बगायचं काय ऱ्हायलंय, सुभेदार?" कुणीतरी म्हणालं.

"पलटणीतली खोड आहे बाबा. बघितल्याशिवाय सही करत नाही मी."

रानात जाऊन उभे राहिले आणि बघतच राहिले. मनुबाईचा ऊस रानाच्या पार खालच्या टोकाला, बांधाशी. पानं करपून पिवळी पडलेली, मुळाशी भेगा. आणि पाणी साचलं होतं कुठं? तर वरच्या पहिल्याच वाफ्यात, ज्यातली ज्वारी काढून महिना झाला होता आणि ज्यात नुसती धसकटं उभी होती. उसाकडं जाणारी रानातली सारणी चांगली मोकळी होती. तिच्या तोंडाशी कुणीतरी मुद्दाम चिखलाचा बांध घालून पाणी त्या रिकाम्या वाफ्यात वळवलं होतं.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. दुष्काळात जीव धोक्यात घालून पाणी चोरायचं, आणि ते धसकटांना पाजायचं? वेड लागलेली बाईसुद्धा असलं करणार नाही. म्हणजे ज्यानं हे दार मोडलं त्याला ऊस जगवायचा नव्हता. त्याला फक्त पाणी तिच्या रानात दिसायला हवं होतं.

ते परत लिंबाकडं आले. गाव आलं होतं ते गावाकडच्या वाटेनं. नदीकडून पाटाकाठानं येणारी वाट कुणी तुडवली नव्हती. अर्जुनानं पाटातून उपसलेला गाळ तिथं पसरला होता, अजून मऊ. त्या गाळावर पावलं उमटली होती. लिंबाकडं येणारी खोल रुतलेली, परत जाणारी उथळ. येताना माणसाच्या अंगावर ओझं होतं, जाताना नव्हतं. आणि लिंबापासून पुढं तीच पावलं अनवाणी झाली होती.

लालासाहेबांना सगळं उमगलं. अर्जुना इथं मेला नव्हता. जिथं वहाणा घालून फिरतात अशा जागी मेला, आणि कुणीतरी त्याला खांद्यावर टाकून इथं आणला. त्या माणसाच्या खांद्यावर प्रेत होतं, तरी लिंबाखाली पाय आपोआप थांबले आणि त्यानं स्वतःचं पायताण उतरवलं. जन्माची सवय ती. मेलेल्याच्या पायातलं उतरवायचं मात्र राहून गेलं.

ते खाली वाकले. ठसा फौजी बुटाचा होता. टाचेची लोखंडी नाल एका बाजूला तुटलेली. ती कुठं तुटली, कोणत्या ठाण्याच्या फरशीवर, हेही त्यांना आठवत होतं, कारण ते बूट त्यांचे होते.

तीन

बासष्ट साली बर्फानं लालासाहेबांच्या डाव्या पायाची बोटं खाल्ली. तेव्हापासून ते बूट त्यांच्या पायात बसत नव्हते. गोठ्यात खुंटीला टांगलेले असायचे आणि उसात जाताना धाकटा भाऊ घालायचा, कृष्णात.

जवळच अर्जुनाची गाळ उपसायची पाटी पडली होती. लालासाहेबांनी ती उचलली आणि ठशावर पालथी घातली. राखण्यासाठी घातली की लपवण्यासाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण कृष्णात तर गावात नव्हता! आदल्या दिवशी माधवनगरला मेव्हण्याकडं गेला होता. मेव्हणा तिथल्या गिरणीत कामाला. सकाळी प्रेत दिसल्यानंतर पहिली एस.टी. फाट्यावर आली आणि तिच्या माणसांबरोबरच कृष्णात चालत गावात आला, हे सगळ्यांनी बघितलं होतं. मग बूट घातले कुणी? घरात दुसरा पुरुष एकच, तो म्हणजे आपण. हसावं की रडावं, कळेना.

चावडीच्या मागच्या खिडकीला गज होते. लालासाहेब तिथं गेले. मनुबाई भिंतीला टेकून बसली होती.

"मनू, पाणी तू वळवलंस का?"

"आता इचारताय व्हय? आत घालून, कुलूप लावून?"

"विचारतोय ना. सांग."

ती उठून गजापाशी आली. "म्या वळवलं असतं तर ऊस भिजला असता, आबा. धसकटं न्हाई. सकाळधरनं सगळी म्हनत्यात चोरलं, चोरलं. कुनाला असं वाटलं न्हाई, चोरून हिनं केलं काय?"

"मला वाटलं."

"मग बोला की गावाम्होरं!" तिचे डोळे एकदम भरले आणि त्या रागानं ती आणखीच चिडली. "का बोलत न्हाई, मी सांगू? माजी पाळी मोडली तर ती कुनाला जाती? खालच्या बांधकऱ्याला. रीतच हाय ती. माज्या खालचा बांध कुनाचा हाय, आबा?"

लालासाहेबांनी गज सोडला. खालचा बांध त्यांचाच होता.

चार

भाऊसो गुळाच्या गाड्या सांगलीला नेणारा, तोंडानं मोठा आणि मनानं भित्रा. दोन दिवसांपूर्वी त्यानं पाण्यावरून अर्जुनाला गावासमोर शिव्या दिल्या होत्या. आपल्यावर बालंट येतंय की काय म्हणून तो घराच्या सोप्यात घाम पुसत बसला होता.

"भाऊसो, पाळी तुझी होती. पहाटे तू दारावर का नव्हतास?"

"आता आलं का माज्यावर? मला वाटलंच! आवं, त्येनंच सांगितलं हुतं, नगं येऊस म्हून. काल दिस मावळताना आलता. म्हनला, भाऊसो, पाटाला पानी लय कमी येतंय. बंधाऱ्याच्या वर कुनीतरी पानी मारतंय. सकाळच्याला वर जाऊन बगतु, मग तुला हाळी देतु."

"वर म्हणजे?"

"वर म्हंजी डोहावर! जिथं इंजिनं हायत."

बंधाऱ्याच्या वरच्या डोहावर गावातली दोनच डिझेल इंजिनं होती. नदी आटल्यापासून पंचांनी दोन्ही बंद ठेवायचा ठराव केला होता आणि तो लालासाहेबांनीच मांडला होता.

"तुझं इंजिन कुठं आहे?"

"हेड काढून दुरुस्तीला कराडला टाकलंय, सुभेदार. शिमग्याच्या आधी. कुनालाबी इचारा." भाऊसोनं आवाज खाली आणला. त्याला बोलायचं नव्हतं, पण भीती त्याला गप्प बसू देत नव्हती. "दुसरं हाय ते तुमचं."

लालासाहेब पाय ओढत डोहावर गेले. इंजिनाच्या पत्र्याच्या खोपीला कुलूप नव्हतं. सायलेन्सरवर हात ठेवला, तो कोमट लागला. ऊन पत्र्यावर होतं, म्हणाल तर उन्हानंही कोमट झाला असेल, आणि त्यांनी क्षणभर तेच धरून ठेवलं. पण पाण्यात सोडलेला पाइप ओला होता आणि तो थेट त्यांच्याच उसात गेला होता. जमिनीवर ऑइल सांडलं होतं, त्यात माणूस घसरल्याचा लांब ओरखडा. अर्जुनाच्या धोतरावर काळा डाग होता तो कशाचा, हेही कळलं. इंजिन चालू करायचं लोखंडी हँडल जागेवर नव्हतं.

खाली डोहात वाकून बघितलं तर ते तळाला दिसत होतं. एवढं कमी पाणी होतं डोहात.

पाच

घरी गेले तेव्हा ताटं वाढली होती. आई हरणाबाई दाराशी बसलेली, कृष्णातची बायको साळूबाई भाकरी थापत होती, आणि कृष्णात मांडी घालून जेवत होता. खाली मान घालून, भराभर.

"माधवनगरचं काय म्हणतायत?" लालासाहेबांनी ताटावर बसत विचारलं.

"बरी हायत सगळी."

चुलीपुढं साळूबाईचा हात जरा थांबला. तिनं भाकरी उलटली ती करपली होती.

लालासाहेब त्याच्याकडं बघत राहिले. कृष्णातलाच ते सहन होईना. तो म्हणाला, "अर्जुनाची बी चूकच हाय म्हना. आसरांपाशी वहाणा घालून कुनी जातंय व्हय? दुसरं काय हुनार?"

लालासाहेबांनी ताट बाजूला सारलं.

"वहाणा घालून गेला होता, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजी? गाव सांगतंय."

"गावानं बघितल्या नाहीत रे. गाव यायच्या आधी मी त्या काढल्या. माझ्या टॉवेलात आहेत अजून."

कृष्णातच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. सकाळपासून त्याच्या डोक्यात तेच एक भणभणत असणार, आपलं पायताण उतरवलं आणि त्याचं राहिलं. कोर्टाची भीती नंतरची. आसरांची भीती आधी होती, आणि तिनंच त्याला बोलायला लावलं.

"दादा," तो पुटपुटला, "मेव्हन्याकडनं मी सांजच्याच गाडीनं माघारी आलतो, आन सकाळी फाट्यावर जाऊन यस्टीच्या मानसांत मिसळलो. ऊस वाळत हुता... आपलाच ऊस. त्येनं हँडल धरलं, मी ओढलं. घसरला तो. आईच्यान, मी मारला न्हाई."

"आणि मनुबाई?"

कृष्णातनं ताटातला भाकरीचा तुकडा कुस्करला. मग म्हणाला, "तिला कोन हाय मागं? आन पाळी आपल्यालाच यील की, दादा. तुमी नुसतं गप बसा. दुसरं काय बी करू नगा."

"लाला," हरणाबाई दारातून म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता, लहानपणी ताप आल्यावर असायचा तसा. "जेव गप. भाऊ हाय तुजा."

लालासाहेबांना वाटलं, चार भिंती जवळ सरकल्यात. बोलावं तर आपला भाऊ जातो. न बोलावं तर त्या ट्रंकेवर हात ठेवून ज्याला शब्द दिला होता त्याची बायको जाते. बाहेर पळून जावं तर जायचं कुठं, सगळीकडं हेच गाव आणि हीच नदी.

एवढ्यात वेशीवर फौजदारांच्या जीपचा हॉर्न वाजला. कृष्णात ताटावरून उठला आणि दारात आडवा उभा राहिला.

"किल्ली द्या हिकडं, दादा. मी उगडतो चावडी. तुमी येऊ नगा."

सहा

लालासाहेबांनी किल्ली दिली नाही. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला बाजूला केला आणि म्हणाले, "चल. बरोबरच जाऊ."

चावडीपुढं अख्खं गाव गोळा झालं होतं. फौजदार खुर्चीत बसले होते. लालासाहेबांनी कुलूप काढून मनुबाईला बाहेर आणली. लालासाहेब मधोमध उभे राहिले.

"साहेब, ही बाई निर्दोष आहे. आधी तिच्या रानात चला. पाणी वरच्या रिकाम्या वाफ्यात आहे आणि ऊस कोरडा आहे. सारणी मुद्दाम लिंपली आहे. स्वतःसाठी चोरणारा असं करत नाही. हे दुसऱ्यानं केलंय, तिच्या नावावर घालायला."

गर्दीत कुजबुज झाली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"अर्जुना दगडापाशी मेला नाही. त्याच्या पायात वहाणा होत्या." त्यांनी टॉवेल सोडून वहाणा जमिनीवर ठेवल्या. "मीच काढल्या त्या. चूक केली, पण अर्जुना कसा होता हे तुम्हाला सांगायला नको. तो वहाणा घालून आसरांपाशी जाईल? त्याला उचलून आणलाय. डोहावरून. धोतरावर इंजिनाचं ऑइल आहे. पाणी का कमी येतंय ते बघायला तो वर जाणार होता. भाऊसोला सांगून गेला होता."

"व्हय, व्हय, मला सांगितलं हुतं!" भाऊसो ओरडला. बालंट टळल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही.

"भाऊसोचं इंजिन कराडला आहे. राहिलं एक. नदीकडच्या वाटेवर पाटी पालथी घातली आहे, तिच्याखाली बुटाचा ठसा आहे, टाचेची नाल तुटलेली. ते बूट माझे आहेत."

फौजदार खुर्चीत पुढं सरकले. "सुभेदार, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?"

"कळतंय. माझ्या पायाला बोटं नाहीत साहेब, ते बूट मला होत नाहीत." ते वळले. "कृष्णात, चल आसरांपाशी. हात ठेव आणि सांग, रात्री तू माधवनगरला होतास. सांगितलंस तर माझं सगळं खोटं."

कृष्णातनं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलंच नाही. मग तो गावासमोर धुळीत खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागला. "मी मारला न्हाई," तो म्हणत होता. "घसरला त्यो. घसरला."

"घसरला असेल," लालासाहेब म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "ते कोर्ट बघेल. पण त्याला दगडापाशी टाकल्यावर तू खोरं हातात घेतलंस ना? थंड डोक्यानं हिचं दार मोडलंस, सारणी लिंपलीस. तेव्हा कोण घसरलं होतं, कृष्णा?"

त्याला जीपमध्ये बसवला. मनुबाईनं पदर खोचला आणि ती लालासाहेबांच्या जवळून निघून गेली. आभार तर सोडाच, तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. जाऊन ती तडक आपल्या रानात उतरली आणि हातानं सारणीवरचा चिखल उकरू लागली.

संध्याकाळी लालासाहेब घरी आले. हरणाबाई उंबऱ्यावर बसली होती. त्यांनी माठातून तांब्या भरून तिच्यापुढं धरला. दिवसभर तिनं काही घेतलं नव्हतं.

"नगं," ती म्हणाली. "दोन ल्योक हुतं मला. एकानं दुसरा दिऊन टाकला. आता तुज्या हातचं पानी मला नगं, लाला. मरताना बी घालू नगं."

ते तांब्या धरून उभेच राहिले. आतून साळूबाई बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर कमरेला, हातात खोरं.

"भाऊसोची पाळी सरली. आता आपली लागली," ती भिंतीकडं बघून म्हणाली. "मला एकलीला दारं धराया जमायचं न्हाई."

"साळू, मी..."

"मला तुमच्यासंगं बोलायचं न्हाई, आबा. तुमी खरं बोलला, ते मला बी कळतंय. भाकरी करपली तवाच कळलं हुतं. पन बोलायचं न्हाई." तिनं डोळे पुसले. "त्यो कवा बी सुटला तरी ह्याच घरात यील. तवा बी तुमी हितंच असनार, आन मी बी हितंच. चला, पानी वाया चाललंय."

लालासाहेबांनी तांब्या उंबऱ्याशी ठेवला, तिच्या हातातलं खोरं घेतलं आणि ते रानाकडं निघाले.